नात्याचा रकाना

संध्याकाळचे सहा वाजले आणि सयाम स्टेशनवरची सगळी माणसं जागच्या जागी थांबली. बँकॉकच्या उन्नत रेल्वेच्या स्टेशनांवर रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागतं. ऑफिसातून सुटलेले लोक, गणवेशातल्या मुली, खाऊच्या पिशव्या धरलेल्या बायका, सगळे उभे. आम्ही दोघीही उभ्या राहिलो. तिचा हात माझ्या हातात होता. दुपारपासूनच होता, आणि तो तिथे आहे हे मी विसरूनही गेले होते. तेवढ्यात त्या शांततेत मागून खणखणीत मराठीत हाक आली, "अगं, इकडं ये, इकडं! जिना ह्या बाजूला आहे!"

माझा हात सुटला. मी सोडला असंही म्हणता येणार नाही. चटका बसल्यावर बोट जसं आपसूक मागे येतं, तसा तो आला.

तिने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. राष्ट्रगीत संपलं, गर्दी पुन्हा हलली, आम्ही सिलोमच्या गाडीत चढलो आणि साला देंग येईपर्यंत दोघी दोन खांबांना धरून उभ्या होतो.

हे मी सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण त्या आठ दिवसांत मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. वीस वर्षं मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करते. मराठी ही माझी रोजीरोटी आहे आणि माझा जीवही तिच्यातच अडकलेला आहे. परक्या शहरात, जिथे माझ्या हातात कोणाचा हात आहे याची कुणालाच पडलेली नव्हती, तिथे ती भाषा कानावर पडली आणि मला भीती वाटली.

आम्ही दोघी चौदा वर्षं एकत्र राहतो. ती फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची साताऱ्याची. मी सांगलीची. 2011 च्या डिसेंबरात पुण्यात समलिंगी माणसांची पहिली प्राइड पदयात्रा निघाली, तेव्हा आम्ही समोरच्या फुटपाथवर उभ्या राहून ती पाहिली होती. रस्ता ओलांडायचं धैर्य त्या दिवशी झालं नाही. पुढे झालं. सोसायटीत आम्ही 'त्या दोघी मैत्रिणी' आहोत. कामवाल्या मावशींना सगळं कळलेलं आहे आणि त्या एका शब्दानेही कधी काही बोललेल्या नाहीत.

दोन बायकांना भारतात प्रवास करणं सोपं जातं असं लोक म्हणतात, आणि ते खरंही आहे. आमच्या ओळखीतल्या दोन पुरुषांना एका खोलीसाठी लॉजवाल्याने जे प्रश्न विचारले, ते आम्हाला कधीच विचारले गेले नाहीत. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे पाहतो आणि प्रेमाने म्हणतो, "बहिणी का?" किंवा "मॅडम, एकच पलंग कशाला, दोन वेगळे देतो, आरामात झोपाल." आपण दिसतच नाही, म्हणून आपल्याला त्रास नाही. पण वर्षानुवर्षं न दिसण्याचंही ओझं होतं. ते किती होतं, हे उतरल्यावरच कळतं.

हे ओझं मला एकदा फार जड झालं होतं. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, रात्री अचानक ठरलेलं. संमतिपत्रावर सहीसाठी मी पेन हातात घेतलं आणि काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नातं काय?" अर्जावर 'नाते' असा रकाना होता. मी म्हटलं, "मैत्रीण." त्या म्हणाल्या, "रक्ताचं कुणी बोलवून घ्या." तिचा भाऊ साताऱ्याहून गाडी काढून आला, पहाटे चारला पोचला. चांगला माणूस आहे तो. त्याने सही केली आणि मला चहा आणून दिला. ती रात्र मी ज्या बाकावर काढली त्याची लोखंडी कड मला अजून आठवते. शब्द जोडण्याचं काम करणाऱ्या मला त्या एका रकान्यात लिहायला शब्द नव्हता.

म्हणून बँकॉक. 23 जानेवारी 2025 ला थायलंडमध्ये समान विवाहाचा, म्हणजे समलिंगी जोडप्यांच्याही लग्नाचा, कायदा लागू झाला. आग्नेय आशियातला तो पहिला. आशियात तैवान आणि नेपाळ यांच्यानंतर तिसरा. पहिल्याच दिवशी देशभरात 1,800 हून जास्त जोडप्यांनी नोंदणी केली. शहराच्या मध्यावर सयाम पॅरागॉन नावाच्या भल्यामोठ्या मॉलमध्ये सरकारी टेबलं मांडून ओळीने लग्नं नोंदवली. ती चित्रफीत आम्ही रात्री जेवताना पाहिली. ताटं वाळली. ती म्हणाली, "जाऊन येऊ या." लग्न करायला जायचं हे दोघींच्याही मनात नव्हतं. परदेशी जोडप्यांनाही तिथे नोंदणी करता येते, पण आपल्याकडे परत आल्यावर त्या कागदाला काही अर्थ नाही. आम्हाला फक्त असं शहर पाहायचं होतं, जिथे तो रकाना भरता येतो. व्हिसाही लागत नव्हता. तीन आठवड्यांत आम्ही सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो.

सुवर्णभूमी. मला हे नाव वाचूनच बरं वाटलं होतं. थाई भाषा मला येत नाही, लिपीही येत नाही, पण ह्या शहरात संस्कृत आणि पाली शब्द आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या पितळी भांड्यांसारखे जागोजागी ठेवलेले आहेत. आकार ओळखीचा, वापर मात्र वेगळा. शहराचं त्यांचं स्वतःचं नाव क्रुंग थेप. त्यातला थेप म्हणजे देव. गणपतीला ते फ्रा फिखानेत म्हणतात, म्हणजे आपला विघ्नेश. गुरुवारला म्हणतात बृहस्पतीचा वार, फक्त उच्चार 'फरुहत्साबोदी' असा होतो. आणि फेत हा त्यांचा शब्द, लिंग किंवा लिंगभाव या अर्थाचा, तो आपल्या 'वेष' शब्दापासून आलेला आहे. हे कळल्यावर मी बराच वेळ गप्प होते. बाई असणं, पुरुष असणं, त्याहून वेगळं काही असणं, या सगळ्याला ज्यांनी वेष म्हटलं, त्या लोकांना काहीतरी आधीच उमगलेलं होतं असं मला वाटलं. भाषेच्या इतिहासावरून समाजाचं मन ओळखू नये, हे माझ्या धंद्यातला माणूस जाणतो. तरी वाटलं.

हॉटेल सिलोमजवळ होतं. काउंटरवर विशीतली मुलगी. तिने दोघींचे पासपोर्ट पाहिले, पडद्यावर पाहिलं, आणि विचारलं, "एक मोठा पलंग, बरोबर?" मी हो म्हटलं. तिने दोन कार्डं पुढे केली आणि नाश्त्याची वेळ सांगितली. बस. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. सातव्या मजल्यापर्यंत दोघींपैकी कुणीच बोललं नाही. खोलीत आल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली, चपला न काढता, आणि म्हणाली, "किती साधं असतं गं हे."

त्या संध्याकाळी आम्ही मोठ्या उत्साहाने सिलोमच्या चौथ्या सोईत गेलो. सोई म्हणजे गल्ली. बँकॉकच्या समलिंगी रात्रींबद्दल जे काही छापून येतं, त्यात ह्या गल्लीचं नाव असतंच. पण गल्ली अंधारी, खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. ती तारीख होती 12 फेब्रुवारी, माघी पौर्णिमा. तिकडे त्या दिवसाला माखा बुचा, म्हणजे माघपूजा म्हणतात. तेव्हा बुद्धाच्या सणाला दारूविक्री बंद असायची, त्यामुळे बार बंद. एका पहारेकऱ्याने हातवारे करून सांगितलं, देवळात जा. आम्ही खरंच गेलो. दोन स्टेशनं पुढे, दोन प्रचंड मॉलच्या मधोमध वाट पथुम वनाराम आहे, पद्मवनाराम. माणसं हातात कमळाची कळी, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या घेऊन विहाराभोवती तीन प्रदक्षिणा घालत होती. आमच्या पुढे दोन तरुण मुलगे होते, एकाच मेणबत्तीला दोघांनी हाताचा आडोसा केलेला. वारा सुटला की एकजण थांबे, मग दुसराही थांबे. कुणी वळून पाहत नव्हतं. मी मात्र पाहत राहिले.

दुसरा दिवस गुरुवार. इथे मला जरा रेंगाळायचं आहे.

आमच्या घरी गुरुवार दत्ताचा. आई सांगलीहून नृसिंहवाडीला जायची, अजूनही जाते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, औदुंबराखाली पादुका, हातात पेढ्यांचा पुडा. लहानपणी मी तिच्या पदराला धरून प्रदक्षिणा घातल्या आहेत. दत्त माझ्यासाठी कायम विरक्त होता. तीन शिरं, चार श्वान, मागे गाय, अंगाला भस्म. कुठे राहत नाही, कशात अडकत नाही. ज्याला घर नाही असा देव. पुढे मोठी झाल्यावर, आपल्याला घर करता येणार नाही असं वाटायचं त्या वर्षांत, मला तो फार जवळचा वाटला होता.

बँकॉकमध्ये सेंट्रलवर्ल्ड या मॉलसमोर त्रिमूर्तीचं एक उघडं देवस्थान आहे. शेजारी गणपती. इथला त्रिमूर्ती प्रेमाचा देव आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश एकत्र असलेला हा देव तिथे लोकांना जोडीदार मिळवून देतो. गुरुवारी रात्री साडेनऊला तो खाली उतरतो अशी श्रद्धा आहे, आणि त्या वेळी लोक लाल गुलाब, लाल मेणबत्त्या आणि नऊ लाल उदबत्त्या घेऊन येतात. नऊ का, तर थाईत 'नऊ' आणि 'पुढे पाऊल' या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा होतो.

आम्ही साडेआठलाच जाऊन उभ्या राहिलो. व्हॅलेंटाइनच्या आदल्या रात्रीचा गुरुवार, त्यामुळे गर्दी दाट होती. रस्त्यावर बसचे आवाज, डोक्यावर रेल्वेचा पूल, मागे मॉलचे दिवे, आणि त्या सगळ्यात शेकडो माणसं चप्पल काढून गुडघ्यावर. ऑफिसच्या कपड्यातली एक मुलगी डोळे मिटून किती वेळ पुटपुटत होती. एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच होते. त्यांनी गुलाब असे ठेवले की जणू कुणाला झोपेतून उठवायचं नाही. आणि जोडपी होती. दोन मुलगे. आखूड केसांची, शर्ट-पँटमधली एक, तिच्या खांद्याला टेकलेली लांब केसांची दुसरी. तिथे ह्यांना 'टॉम' आणि 'डी' म्हणतात, इंग्रजी टॉमबॉय आणि लेडी यांच्यापासून झालेले शब्द. टॉम-डी हा शब्द शाळेतल्या मुलींनाही ठाऊक असतो. आपल्याकडे असा रस्त्यावरचा, साधा शब्दच नाही. जे आहेत ते एकतर पुस्तकी आहेत किंवा शिव्या आहेत.

फुलवालीने मला नऊ गुलाबांचा जुडगा दिला आणि तिला दुसरा द्यायला लागली. मग आमच्याकडे नीट पाहिलं, दुसरा जुडगा परत ठेवला, आणि पहिलाच आमच्या दोघींच्या हातांच्या मध्ये धरला. बोटाने दाखवलं, एक, दोघी मिळून. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने कुणालाही काही विचारलं नाही. चौदा वर्षांत आम्हाला पाहून कुणी न विचारता ओळखलं, असं पहिल्यांदा घडलं, आणि ओळखणाऱ्या बाईने त्याचं पुढे काहीही केलं नाही. पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आम्ही गुलाब वाहिले. मी काय मागितलं ते लिहीत नाही. पण हात जोडल्यावर तोंडात आपोआप 'दिगंबरा दिगंबरा' आलं. प्रेमिकांच्या गर्दीत विरक्ताचा जप. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. ज्या देवाला आईने आयुष्यभर संसारासाठी साकडं घातलं तो, आणि हा, यांच्यात फार अंतर नसावं.

हॉटेलवर परतलो तर आईचे दोन मिस्ड कॉल. भारतात नऊ वाजून गेले होते. फोन केला. तिने पहिलं हेच विचारलं, "गुरुवार आहे, खाल्लंस ना काही नीट? तिकडं उपासाचं काही मिळतं का?" मी म्हटलं, फळं खाल्ली, आंबे गोड आहेत. तिने विचारलं, "तीही जेवली का?" आई तिचं नाव फारसं घेत नाही. ती, असं म्हणते. मी म्हटलं, हो, जेवली.

शुक्रवारी चौथी सोई उघडी होती. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना टेबलं समोरासमोर मांडलेली, त्यामुळे बसलेला प्रत्येकजण येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहतो. देखण्या पुरुषांच्या वेषातले पुरुष, स्त्रीवेषात गाणारे कलावंत, देशोदेशींचे पर्यटक. वातावरण मोकळं, हसरं. आम्हाला कुणी अडवलं नाही, जागाही दिली. पण ती गल्ली पुरुषांची आहे. दुसरी सोईही तशीच, आणि पटपोंगच्या बाजूला तर सगळा बाजारच मांडलेला. बायकांसाठी म्हणून ठेवलेली जागा ह्या शहरातही थोडीच, आणि ती उघडते, मिटते. जगात कुठेही 'समलिंगी पर्यटन' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात बहुतेक खिसा असलेला पुरुष गृहीत धरलेला असतो. आम्ही एकेक लिंबूसोडा घेतला, गाणं ऐकलं आणि अकराच्या आत परत आलो. आम्हाला बायका-बायकांची जोडपी दिसली ती दिवसा, सयामच्या रस्त्यांवर, आइसक्रीमच्या रांगेत, रेल्वेत. आणि जाहिरातींच्या फलकांवर. मुली-मुलींच्या प्रेमकथांच्या मालिका तिथे आता इतक्या चालतात की त्यांतल्या नायिका मिळून साबण आणि दागिने विकतात. पंधरा वर्षांची असताना मी असा एक जरी फलक पाहिला असता तर, असं मनात आलं आणि मी ते तिथेच थांबवलं.

शब्दांकडे परत येते. शनिवारी सकाळी नाश्त्याला जाताना काउंटरमागे इंद्रधनुषी पट्ट्यांचा एक छोटा फलक दिसला. त्यावर थाईत काय लिहिलंय ते मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सोमरोत थाव थियाम." समान विवाह. मग माझ्या वहीत तिने 'सोमरोत' लिहून दाखवलं आणि एकेक अक्षर वाचलं: सो, मो, रो, सो. शेवटचा स उच्चारात त होतो म्हणून सोमरोत. मी खाली देवनागरीत लिहिलं: स, म, र, स.

समरस.

माझ्या हातून हा शब्द हजार वेळा तपासून गेला असेल. श्रोते समरस झाले. विद्यार्थी पाठाशी समरस झाला. संतांच्या वाङ्मयात सामरस्य, शिव आणि शक्ती वेगळे उरत नाहीत ती अवस्था. हा शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिथे कायद्यातलं लग्न झाला. त्यांच्या दिवाणी संहितेच्या 1448 व्या कलमात आधी 'पुरुष आणि स्त्री' होतं, तिथे आता 'दोन व्यक्ती' आहे. 'पती-पत्नी' होतं, तिथे 'खू सोमरोत' आहे. खू म्हणजे जोडी. समरस जोडी. ज्या रकान्यासमोर मी त्या रात्री पेन घेऊन थांबले होते, त्यात लिहायचा शब्द माझ्याच टेबलावर वीस वर्षं पडून होता.

हा बदल कुणी आणून हातात दिला नाही, हेही लिहायला हवं. थायलंडला 'समलिंगी लोकांचा स्वर्ग' म्हणायची पर्यटन कंपन्यांची सवय आहे आणि तो शब्द तिथल्या माणसांवर अन्याय करतो. समलिंगी संबंध त्यांच्या फौजदारी कायद्यातून 1956 मध्येच गेले. आपल्याकडे 377 व्या कलमाचं ते ओझं 6 सप्टेंबर 2018 ला उतरलं. पण गुन्हा नसणं आणि हक्क असणं यांच्यात तिथेही जवळजवळ सात दशकं गेली. 1986 मध्ये अंजना सुवर्णानंद यांनी 'अंजारी' ही समलिंगी स्त्रियांची संघटना उभी केली. या नावातही आपला 'अन्य' आहे. वेगळ्या वाटेने जाणारी. आपल्याकडे मुंबईत 1995 मध्ये 'स्त्री संगम' सुरू झाली, जी पुढे 'लेबिया' झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला. अंजारी, समपथिक. एका नावात वेगळी वाट, दुसऱ्यात सोबतीची वाट.

2020 मध्ये बँकॉकच्या दोन बायका लग्न नोंदवायला गेल्या, त्यांना नकार मिळाला, त्यांनी दाद मागितली. 17 नोव्हेंबर 2021 ला तिथल्या संविधान न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. 17 ऑक्टोबर 2023 ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही, तो दिवस मी ऑफिसात काढला होता, प्रुफावरच्या ओळी दिसत नव्हत्या. थायलंडमध्ये निकाल विरुद्ध गेल्यावर लोक रस्त्यावर आणि संसदेच्या दारात जात राहिले. 2022 च्या जूनमध्ये सिलोम रस्त्यावर 'नरुमित' प्राइड निघाली. नरुमित म्हणजे आपलं 'निर्मित'. मार्च 2024 मध्ये समान विवाहाचं विधेयक प्रतिनिधी सभेत 400 विरुद्ध 10 मतांनी मंजूर झालं, जूनमध्ये वरच्या सभागृहात 130 विरुद्ध 4. विरुद्ध निकालापासून राजपत्रापर्यंत दोन वर्षं दहा महिने. हे आकडे मी पाठ केले आहेत. आपला निकाल लागून किती महिने झाले तेही मी मोजते.

आणि तिथेही सगळं झालेलं नाही. आमच्या हॉटेलखालच्या दुकानात रात्रपाळीला एक कतोई होती. जन्माने पुरुष ठरवलेली, जगते बाई म्हणून. ओठांना फिकट रंग, केस नीट बांधलेले, पाणी घ्यायला गेलं की दोन्ही हातांनी सुटे पैसे द्यायची. तिच्यासारख्यांना त्या देशात ओळखपत्रावरचं 'श्रीयुत' बदलता येत नाही. एकविसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या चिठ्ठ्यांसाठी पुरुषांच्या रांगेत उभं राहावं लागतं. गावभर दिसतात, दुकानात, मंचावर, टीव्हीवर. कागदावर दिसत नाहीत. आम्ही दोघी आपल्याकडे कागदावर असतो आणि दिसत नाही. तिचं उलट. एका रात्री तिथेच आपल्याकडचे चारपाच पर्यटक शिरले आणि तिला मध्ये घेऊन फोटो काढायला लागले. ती हसत उभी राहिली. फोटो संपल्यावर तिचं हसू ज्या वेगाने उतरलं, तो वेग मी पाहिला. ते लोक मराठीत बोलत होते. काय बोलत होते ते लिहिणार नाही. मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, बस करा. मी म्हटलं नाही. ही खंत मी घेऊन आले आहे.

स्टेशनवर हात सुटला तो त्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या रात्री खोलीत ती म्हणाली, "मला राग नाही आला. पण तुझा हात किती गार पडला होता, तुला माहीत आहे?" मग तिने माझी बोटं धरून एकेक सांधा हळूहळू मोकळा केला, जसा ती दिवसभर पेशंटचा करते.

सोमवारी आम्ही बांग राकच्या विभाग कार्यालयाजवळ गेलो. सिलोम ज्या विभागात येतं तो बांग राक. 'राक' म्हणजे प्रेम, म्हणून दर व्हॅलेंटाइनला लग्न नोंदवायला तिथे झुंबड उडते. आम्ही मुद्दामच ती झुंबड टाळली होती. मला साधा कामाचा दिवस पाहायचा होता. सरकारी कचेरी सगळीकडे सारखीच असते. बाहेर झेरॉक्स, बाकावर फायली घेऊन बसलेले लोक, कापलेलं फळ विकणारी गाडी. आम्ही कैरी-मीठ घेऊन सावलीत उभ्या होतो. थोड्या वेळाने दोन बायका बाहेर आल्या. साठीच्या असतील. एक पाठीत वाकलेली, दुसरीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल. पायऱ्यांवर थांबून त्यांनी फाइल उघडली, आतला कागद नीट आहे ना ते पुन्हा पाहिलं, फाइल बंद केली. मग फळवाल्याकडे आल्या, पेरू घेतला, आणि वाकलेलीने पैसे देण्यावरून दुसरीशी वाद घातला. कोणत्या कामाला आल्या होत्या ते मला माहीत नाही. दुसऱ्याही कामाला आल्या असतील. त्या रिक्षात बसून गेल्या आणि आम्ही कितीतरी वेळ तिथेच उभ्या होतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. परत आल्यावर तो अर्ज भरायचा असं तिथे सावलीत ठरलं.

परतीच्या विमानात तीन आसनांची रांग होती. तिसऱ्या आसनावर एक आजी आल्या, सहलीच्या कंपनीची लाल टोपी घातलेल्या, कोल्हापूरकडच्या. बसता बसता त्यांनी पिशवीतून भडंगाचा डबा काढला, सात दिवस पुरवून आणलेला, आणि आमच्या पुढे केला. "मराठी दिसताय. बहिणी का?"

माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. कायम तेच येतं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही दोघी एकत्र राहतो. चौदा वर्षं झाली."

आजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं नाही. विमानाचे दिवे मंद झाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि तिच्या तळहातावर आणखी मूठभर भडंग ठेवत विचारलं, "मग स्वयंपाक कोण करतं?"

"ही," मी म्हटलं. "मला फक्त पोळ्या येतात."